ताप उतरला तरी श्वास मोज

गोंदिया

चि. सुषमा,



चोरखमाऱ्यात आशा सेविका म्हणून तुझी निवड झाल्याचं दादाच्या फोनवरून कळलं, फार आनंद झाला. गावात तापाची साथ आहे आणि लोक तुला "कोरोना तर गेला ना?" असं विचारतात, हेही त्यानंच सांगितलं. विषाणू गेलेला नाही. लसीमुळे आणि आधी होऊन गेलेल्या आजारामुळे आता बहुतेकांचं सर्दी-खोकल्यावर निभावतं, इतकंच. म्हातारी माणसं, शुगरवाले आणि आपल्या भागातले सिकलसेलचे रुग्ण यांच्या छातीत तो आजही उतरू शकतो.

31 डिसेंबर 2019 ला वुहानहून जगाला पहिली खबर मिळाली ती 'कारण न कळलेल्या न्यूमोनिया'चीच. आपल्या ओळखीच्या न्यूमोनियात थंडी वाजून ताप भरतो, घट्ट बेडके पडतात, बरेचदा छातीत एकाच बाजूला दुखतं. तो जिवाणूंचा असला तर अँटिबायोटिकनं उतार पडतो. कोरोनाची चाल वेगळी आहे. फुप्फुसात द्राक्षांच्या घडासारखे इवलेसे वायुकोश असतात. ते मिटू नयेत म्हणून आतून एक पातळ थर असतो, आणि तो थर बनवणाऱ्या पेशींनाच हा विषाणू गाठतो. मग कोश मिटतात, सुजतात, त्यांत पाणी झिरपतं, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. बहुधा दोन्ही बाजूंना. खोकला मात्र कोरडाच.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट नीट ध्यानात घे. जिवाची घालमेल होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यावर. या आजारात सुरुवातीला तो बाहेर पडत राहतो, म्हणून ऑक्सिजन उतरला तरी माणसाला दम लागल्याचं कळतच नाही. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाच्या वॉर्डात असे कितीतरी रुग्ण पाहिले: ऑक्सिमीटरवर 80, आणि माणूस फोनवर घरी उन्हाळी धानाला पाणी सोडायचं सांगतोय. बोलतोय म्हणजे बरा आहे, असं नातेवाइकांना वाटायचं.

म्हणून ताप पहिल्यांदा कधी आला ते विचारून घरच्या कॅलेंडरवर खूण करत जा. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, कधी कधी ताप उतरल्यावरच, तब्येत ढासळते. त्या दिवसांत रोज फेरी मार. तान्ह्या बाळाचा श्वास मोजायला तुला ट्रेनिंगमध्ये शिकवलंच आहे, तसाच मोठ्यांचाही मोजायचा. मोजतेय हे सांगू नको, सांगितलं की श्वास बदलतो. गप्पा मारता मारता पोटावरचं लुगडं वरखाली होताना बघ, पूर्ण एक मिनिट. 24 किंवा त्याहून जास्त भरले तर घरी ठेवायचं नाही.

ऑक्सिमीटर लावताना बोट गार असेल तर चोळून ऊब आण. मेंदी, नेलपॉलिश नसलेलं बोट घे. आकडा स्थिर होईपर्यंत थांब. 94 च्या खाली गेला तर तिरोड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठव, 108 ला फोन लाव. आकडा चांगला असला आणि बसल्या जागी दम नसला, तर खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालव. 93 च्या खाली आला किंवा तीनहून जास्त अंकांनी घसरला, तर आजार आत शिरलाय. सिकलसेलच्या रुग्णाला ताप आणि छातीत दुखणं एकत्र आलं, तर आकड्याचीही वाट पाहू नको.

लोक सलाईन मागतील. ज्याला तोंडानं पाणी जातं त्याला त्याची गरज नसते, आणि सुजलेल्या फुप्फुसाला जास्तीचं पाणी जड जातं. स्टेरॉइडबद्दल तर ठाम राहा. ऑक्सिजन लागणाऱ्यांचे प्राण डेक्सामेथासोननं वाचतात, हे 2020 मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालं. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याचा काही फायदा दिसला नाही. 2021 मध्ये पहिल्याच दिवसापासून स्टेरॉइड घेतलेले, शुगर भडकलेले आणि पुढे काळ्या बुरशीनं डोळा गमावलेले रुग्ण मी पाहिलेत. चिठ्ठीशिवाय ती गोळी कुणी घेत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाल.

108 ची गाडी येईपर्यंत रुग्णाला जमत असेल तर पालथं झोपव, छातीखाली उशी दे. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर कोरोना-कोरोना करत बसू नको, थुंकी तपासायला पाठव. टीबी आपल्याकडे आहेच.

मोहफुलं वेचायच्या दिवसांत बायका अंगावर ताप काढतात, त्यांच्याकडे आधी जा. रात्री-बेरात्री अडलं तर मला फोन कर, संकोच करू नको.

तुझी,
आत्या