उठून गेलेल्या गावांची वावरे आणि कुरणाचे पीक

एखादे वावर दोन खरीप हंगाम पडीक राहिले तर त्यात काय उगवते, हे आपणास सांगावयास नको. पहिल्या वर्षी तरोटा येतो. दुसऱ्या वर्षी तो कमरेएवढा वाढतो आणि त्यात रानतुळस व गाजर गवत शिरते. चांगले गवत टिकते ते धुऱ्यावर तेवढे. मेळघाटात हेच घडले, पण एका वावरात नव्हे, तर अख्ख्या गावांच्या शिवारांत.

अमरावती जिल्ह्यातील मेळघाट हा १९७४ मध्ये घोषित झालेला, देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याच्या गाभ्यातील कोहा, कुंड, बोरी ही गावे २००१ नंतर बाहेर पुनर्वसित झाली व पुढे वैराटसारखी आणखी काही गावे उठली. माणसे गेली, वावरे, विहिरी, धुऱ्यावरची मोहाची झाडे मागे राहिली. ज्यांनी ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसली त्यांनी ती सोडली, तेव्हा निदान तेथे गवत तरी उभे राहावे, ही अपेक्षा वाजवी आहे. तरोट्यासाठी कोणी गाव सोडत नाही. मृगात तरोट्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते; पण मोठा झालेला तरोटा ना गाय खाते, ना गवा.

म्हणून वन विभागाने या शिवारांत कुरण विकासाचे काम हाती घेतले. हे काम करणारे हात बहुतेक आसपासच्या गावांतील कोरकू स्त्री-पुरुषांचे असतात. ते हंगामी काम आहे आणि शेतीप्रमाणेच त्याची वेळ चुकली की वर्ष वाया जाते.

वेळ चुकल्याचा अनुभव

पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात आम्ही विद्यार्थी अशाच एका जुन्या शिवारात तण काढण्यास गेलो होतो. परीक्षा आटोपून निघेपर्यंत ऑक्टोबर उजाडला होता. तरोट्याला शेंगा लागून त्या तपकिरी पडल्या होत्या. आम्ही उत्साहाने रोपे उपटली, भारे बांधले आणि पायवाटेने वाहून नाल्याकाठी टाकले. सोबतच्या एका कोरकू बाईंनी "आता उपटून काय फायदा, आता तर तुम्ही पेरता आहात," असे म्हटले होते. आम्ही ते हसण्यावारी नेले. पुढच्या आषाढात पाहिले तर त्या पायवाटेच्या दोन्ही अंगांना, तिफणीने पेरावा तसा, तरोटा सरळ रेषेत उगवला होता! कृषिविद्येच्या पुस्तकात तणांचा बीजसाठा या नावाने जे वाचले होते, ते त्या दिवशी कळले. तरोट्याच्या बियांचे कवच टणक असते. सर्व बी एका पावसात उगवत नाही, काही बी जमिनीत वर्षानुवर्षे थांबून राहते. म्हणून एकदा उपटून हे तण जात नाही. पण एकही वर्ष शेंग धरू दिली नाही, तर साठा हळूहळू रिता होतो.

यावरून कामाचा क्रम ठरतो. पहिली उपटणी आषाढात, रोप वीतभर असताना व जमीन ओली असताना करावी. मूळ सहज निघते. दुसरी उपटणी पोळ्याच्या आत, पिवळी फुले दिसू लागताच उरकावी. फुलण्यापूर्वी उपटलेली रोपे जागेवरच आच्छादन म्हणून पसरली तरी चालतात. रानतुळस उशिरा फुलते, तिच्यासाठी हस्त नक्षत्राच्या सुमारास तिसरी फेरी लागते. विळ्याने कापणे टाळावे. कापलेला तरोटा खालून फुटतो आणि बुटक्या फांद्यांवरही शेंगा धरतो.

आपल्यापैकी कोणासही वाटेल की सरळ ट्रॅक्टर घालून नांगरून का काढू नये? नांगरटीने खालचे बी वर येते आणि उरलेसुरले बहुवर्षायू गवताचे ठोंबही मोडतात. जेथे गवताचा एकही ठोंब नाही, तेथेच हलकी वखरणी करावी.

घाणेरीची, म्हणजे आपल्याकडील रायमुनियाची, गोष्ट वेगळी. ती वरून तोडली की दुप्पट जोमाने फुटते. तिचे मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सें.मी. वर कुदळीने तोडून झुडूप उलटे करून ठेवावे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. पाखरे फळे खाऊन झाडांवर बसतात व तेथे बी टाकतात. त्यामुळे पुढील दोन-तीन पावसाळे मोठ्या झाडांखालची रोपे शोधून उपटावी लागतात.

गवताचे बियाणे

तण काढून जमीन मोकळी ठेवली तर पुन्हा तणच येणार. तेथे गवत हवे, आणि तेही तेथलेच. बाहेरचे सुधारित वाण, उदाहरणार्थ राहुरीचे फुले मारवेल, आपल्या बांधावर जरूर लावावे. परंतु जंगलातील कुरणासाठी त्याच भागातील पवन्या, मारवेल, डोंगरी गवत यांचेच बी घ्यावे. गवताचे बी एकदम पिकत नाही. तुऱ्याच्या शेंड्याकडून पिकत येते आणि झडत जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चार-पाच दिवसांच्या अंतराने फेऱ्या मारून पिकलेले बी हाताने ओरबाडून घ्यावे. एका जागचे सगळे बी घेऊ नये, निम्म्याहून अधिक तेथेच झडू द्यावे.

ताज्या बियांना सुप्तावस्था असते. सावलीत वाळवून कापडी किंवा गोणपाटाच्या पिशवीत उन्हाळाभर हवेशीर जागी ठेवल्यास पुढच्या पावसाळ्यात उगवण चांगली होते. हेक्टरी ४ ते ६ किलो बी, ओलसर माती व शेणखतात कालवून, पहिल्या पावसाच्या तोंडावर फोकावे आणि जेमतेम १ सें.मी. मातीआड करावे. बी हलके, कुसाचे असते, नुसते फोकल्यास वाऱ्याने जाते. मारवेलचे मुळासह ठोंब मिळत असल्यास झडीच्या पावसात दीड फुटावर लावणे अधिक खात्रीचे.

कुसळी मात्र आपोआप येते. तुरे येईपर्यंत जनावरे ती खातात, नंतर कूस टोचते. वारंवार आग लागणाऱ्या कुरणात हीच वाढते. म्हणून आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीस सुरू होण्यापूर्वी जाळरेषा काढणे हा या कामाचाच भाग आहे. "जाळल्याने गवत चांगले फुटते" हा आपला समज अर्धवट आहे. फुटते ते बहुधा कुसळीच.

आमच्या हरभऱ्याचे काय?

हा प्रश्न अकोटकडच्या एका शिवार फेरीत मला विचारला गेला आणि तो रास्त आहे. आमचे पीक वन्यप्राणी खातात आणि तुम्ही त्यांच्यासाठी चारा पेरता! याचे प्रामाणिक उत्तर असे: रोही आणि रानडुक्कर शेताच्या कडेलाच राहतात, आत कितीही कुरण केले तरी ते हरभरा सोडणार नाहीत. त्यांच्यासाठी कुंपण, राखण आणि वेळेवर नुकसानभरपाई हेच मार्ग आहेत. गवा व सांबराचे तसे नाही. आत चारा आणि पाणी असेल तर त्यांना शिवारात उतरण्याचे कारण कमी उरते. यापेक्षा मोठे आश्वासन मी देणार नाही.

मात्र ही पद्धत आपल्या गायरानासही जशीच्या तशी लागू आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय जाऊन बी गोळा करणे गुन्हा आहे, तेव्हा तो विचार करू नये. आपल्या गावच्या गायरानात ग्रामपंचायतीच्या संमतीने अर्धा एकर तुकडा काटेरी फांद्यांनी राखावा. यंदा पोळ्याच्या आत त्यातील तरोटा उपटावा, आणि दिवाळीच्या सुमारास स्वतःच्या धुऱ्यावर पवन्या किंवा मारवेल पिकलेले दिसल्यास पहाटेचे दव सुकल्यावर त्याचे बी ओरबाडून घ्यावे. दव असताना घेतलेले बी पिशवीत बुरसते.