शीड कोणाकडून शिवून घ्याल?

क्रीडानौकेसाठी नवे शीड हवे आहे. कारागीर कसा निवडाल? नुसता भाव विचारून भागणार नाही.

शिडाला पोट लागते. त्याची खोली साधारणपणे रुंदीच्या दहाव्या भागाइतकी असते. या वक्र पृष्ठावरून वाहताना वारा वळतो, दोन्ही बाजूंच्या दाबांत फरक पडतो आणि नौका पुढे ओढली जाते.

सपाट कापडाला पोट कसे येते? करून पाहा. कागदाच्या दोन पट्ट्या घ्या. एकीची कड किंचित बाहेरगोल कापा व दुसरीच्या सरळ कडेला नेमकी जुळवून चिकटवा. कागद फुगतो! हा गोलावा ठरवणे हेच कारागिराचे कसब.

म्हणून पुढील गोष्टी पाहा :

१. तो डोलकाठीचा बाक मोजतो का?

२. तुमच्याकडील वारा कसा, हे विचारतो का? मंद वाऱ्यात पोट खोल हवे, जोरदार वाऱ्यात उथळ.

३. कापड कोणते वापरतो? सुती कापड फार ताणते. १९५० नंतरच्या दशकात रूढ झालेले पॉलिएस्टर कमी ताणते.

ताणून पोट बिघडलेल्या शिडाने नौका वाऱ्याकडे नीट चढत नाही. वारा किनाऱ्याकडे वाहत असेल, तर ती खडकांवर लोटली जाऊ शकते.