वाचकाला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’? मराठी कथाखेळ लिहिताना

संगणकाच्या पडद्यावर चार ओळी उमटतात. तिन्हीसांज झाली आहे, जुन्या घराचे दार बंद आहे, आतून दिव्याचा उजेड दिसतो. मजकूर इथे थांबतो आणि पुढे काय करायचे ते वाचकाला विचारतो: दार वाजवायचे, मागीलदारी जायचे की परत फिरायचे? वाचक जे ठरवील त्याप्रमाणे गोष्ट पुढे सरकते. चित्र नाही, संगीत नाही, सगळा व्यवहार शब्दांचा. इंग्रजीत या प्रकाराला ‘टेक्स्ट अॅडव्हेंचर’ म्हणतात. या लेखापुरते आपण त्याला कथाखेळ म्हणू.

हा प्रकार जन्मला तोच एकट्या माणसाच्या हातून. विल क्राउदर हा अमेरिकन प्रोग्रामर हौसेने गुहा धुंडाळणारा होता. केंटकीतल्या मॅमथ केव्ह या विशाल गुहाजालाच्या नकाशांच्या कामात त्याने भाग घेतला होता. घटस्फोटानंतर दूर गेलेल्या आपल्या लहान मुलींना खेळता यावा म्हणून त्याने १९७५-७६च्या सुमारास ‘अॅडव्हेंचर’ नावाचा खेळ लिहिला. खेळणाऱ्याने दोन शब्दांत आज्ञा टंकायची आणि गुहेत पुढे जायचे. पुढे डॉन वुड्स याने १९७७मध्ये त्यात भर घातली. त्याच वर्षी एमआयटीतल्या काही तरुणांनी ‘झॉर्क’ सुरू केला आणि त्यांच्या खेळाला पूर्ण वाक्ये समजू लागली. पुढच्या इतिहासात इथे शिरत नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की हे खेळ इंग्रजीत घडले आणि इंग्रजीच्या काही सोयी त्यांच्या हाडीमाशी खिळल्या.

क्राउदरचा कार्यक्रम प्रत्येक शब्दाची फक्त पहिली पाच अक्षरे पाहत असे. इंग्रजीत ते चालून गेले, कारण तिथे नाम वाक्यात कुठेही आले तरी बहुधा तसेच राहते. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दाच्या शेवटी लागतात, म्हणजे शेपूट छाटून टाकण्याची ही युक्ती आपल्यालाही चालेल असे वाटते. ‘पेटी’ आणि ‘पेटीत’ यांना ती चालतेही. पण ‘विहीर’चे ‘विहिरीत’ होते, ‘देऊळ’चे ‘देवळात’ होते, ‘चूल’ची ‘चुलीवर’ होते. प्रत्यय लागण्याआधी शब्द आतून बदलतो. आपण शाळेत ज्याला सामान्यरूप म्हणतो, ते यंत्राला आपोआप कळत नाही. प्रत्येक वस्तूची दोन्ही रूपे त्याला शिकवावी लागतात. शिवाय ‘किल्लीने कपाट उघड’ आणि ‘कपाट किल्लीने उघड’ ही दोन्ही वाक्ये आपल्याकडे सरळ आहेत, तेव्हा शब्दांच्या क्रमावरही विसंबता येत नाही. आज्ञा टंकून घेणारा मराठी कथाखेळ अशक्य नाही. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो जरूर हाती घ्यावा. मात्र पहिल्याच प्रयत्नात लेखकाने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. मोबाइलवर देवनागरी टंकताना होणारा वाचकाचा त्रास वेगळाच.

दुसरी वाट पर्यायांची. मजकुराखाली दोन-तीन पर्याय द्यायचे आणि वाचकाने बोट लावायचे. ख्रिस क्लायमस याने २००९मध्ये ट्वाइन हे विनामूल्य साधन तयार केले, ते याच कामासाठी. त्यात गोष्टीचा एकेक तुकडा चौकटीत लिहायचा आणि दुहेरी चौकटी कंसात पुढच्या तुकड्याचे नाव घालायचे, की दुवा तयार होतो. तुकड्यांची नावे देवनागरीत चालतात. तयार खेळ एकाच एचटीएमएल फाइलीत मावतो आणि कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतो. प्रोग्रामिंग न शिकलेला मराठीचा शिक्षक एका दुपारी हे साधन वापरू लागेल. खरी अडचण त्यानंतर येते, आणि ती व्याकरणाची असते.

उदाहरणासाठी एक गोष्ट घेऊ. बार्देशातल्या एका जुन्या घरात आत्या एकटी राहते. घर विकायचे ठरले आहे. भावांच्या सह्या झाल्या आहेत. पण गोव्याच्या नागरी कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, त्यामुळे आत्याच्या सहीवाचून व्यवहार अडला आहे. भावाचे मूल पिशवीत कागद घेऊन तिच्या दारात आले आहे. ते मूल म्हणजे आपला वाचक.

आता पहिलेच वाक्य लिहा. ‘तू दारापाशी आलास’ की ‘आलीस’? इंग्रजी लेखकाला हा प्रश्न पडतच नाही. मराठीत क्रियापद वाचकाचे लिंग विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. ‘मी’ने निवेदन केले तरी ‘आलो’ आणि ‘आले’ यांतून सुटका नाही. सुटकेच्या वाटा आहेत, पण त्या विखुरलेल्या आहेत. भविष्यकाळात लिंग दिसत नाही: तू जाशील. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात क्रियापद कर्माकडे पाहते, म्हणून ‘तू कपाट उघडलेस’ दोघांनाही चालते. पण ‘विसरणे’, ‘शिकणे’, ‘बोलणे’ हे धातू पुन्हा ‘विसरलास’, ‘विसरलीस’ करायला लावतात. ‘तुला भूक लागली आहे’, ‘तुला आठवते’ अशा रचना फार उपयोगी पडतात. ‘तू दमला आहेस’ऐवजी ‘पाय दुखत आहेत’ आणि ‘तू एकटी आहेस’ऐवजी ‘सोबत कोणी नाही’ असे लिहिता येते. असे लिहिल्याने वाक्य बहुतेक वेळा सुधारतेच.

सगळ्यांत सोपी वाट ‘तुम्ही’ची. ‘तुम्ही आलात’, ‘तुम्ही जाता’ ही रूपे स्त्रीपुरुष दोघांना सारखीच लागू होतात. विशेषणे सांभाळली की काम झाले. पण त्याची किंमत मोजावी लागते. ‘तुम्ही दार वाजवता. तुम्ही वाट पाहता.’ हे वाक्य बँकेच्या सूचनापत्रकासारखे वाटते. वाचक आणि आत्या यांच्यात जे नाते आहे, तेच त्यातून पुसले जाते. हेरकथेत किंवा शहरी कचेरीतल्या गोष्टीत ‘तुम्ही’ शोभेल. इथे नाही. शिवाय निवेदकाने काहीही म्हटले तरी आत्या ‘तू’च म्हणणार, आणि तिच्या तोंडी ‘रे’ किंवा ‘गो’ आल्यावाचून राहणार नाही.

तेव्हा लिंग विचारावेच, पण अर्जातल्या रकान्यासारखे नव्हे. आत्याला संध्याकाळचे नीट दिसत नाही. दार किलकिले करून ती विचारते, ‘कोण, शैला काय गो? की शेखर?’ खाली दोन पर्याय असतात: ‘शैला’ आणि ‘शेखर’. वाचक एकावर बोट ठेवतो, यंत्र ते लक्षात ठेवते आणि पुढची सारी क्रियापदे त्याप्रमाणे येतात. प्रश्नही गोष्टीतलाच राहिला आणि आत्याची दृष्टी गेल्याचेही सांगून झाले.

इथे एक तांत्रिक सूचना. ‘आल’ तसेच ठेवून पुढे ‘ास’ किंवा ‘ीस’ जोडण्याचा मोह होतो. तो टाळावा. एकटी मात्रा वेगळ्या तुकड्यातून आली तर ती मागच्या अक्षराला चिकटेलच असे नाही. तिच्याजवळ ठिपक्यांचे वर्तुळ दिसू शकते. साठवताना ‘आलास’, ‘आलीस’ असे पूर्ण शब्दच साठवावेत.

आता फाट्यांविषयी. नवा लेखक प्रत्येक वळणावर गोष्ट दुभंगत नेतो. दर वळणाला दोन पर्याय आणि अशी दहा वळणे झाली, तर १०२४ शेवट लिहावे लागतील. एकट्याने काम करणाऱ्याचा उत्साह बहुधा चौथ्या-पाचव्या वळणावरच संपतो. उपाय जुना आहे: वाटा फुटू द्याव्यात, थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र आणाव्यात आणि मधल्या निवडीची आठवण ठेवावी. आत्या विचारते, ‘सहज आलीस ना?’ वाचक खरे सांगेल, खोटे सांगेल किंवा तिच्या जेवणाची चौकशी करून विषय बदलेल. तिन्ही वाटांनी रात्र सरते आणि सकाळचा चहा येतो. प्रसंग तोच राहतो. पण खोटे सांगितले असेल, तर चहाच्या कपाशेजारी पिशवीतले कागद नीट घडी करून ठेवलेले असतात. आत्या त्यांविषयी एक अक्षर बोलत नाही. एवढ्या एका वाक्याने वाचकाला आपल्या निवडीचे वजन कळते. त्यासाठी वेगळे प्रकरण लिहावे लागत नाही.

पर्यायांची भाषाही तपासून पाहावी. ‘चांगले वागा’ आणि ‘वाईट वागा’ हे पर्याय नव्हेत. ‘कागद आत्ताच बाहेर काढ’ आणि ‘आधी पाणी माग’ हे पर्याय आहेत, कारण दोन्हींमागे माणूस दिसतो. पर्याय आज्ञार्थात लिहिले की लिंगाची अडचणही उरत नाही.

मसुदा झाला की तो दोन-तीन जणांना मोबाइलवर वाचायला द्यावा आणि शेजारी गप्प बसावे. कुठे बोट थबकते आणि कुठे न वाचताच दुवा दाबला जातो, ते टिपून ठेवावे. एकाने ‘शैला’ होऊन आणि एकाने ‘शेखर’ होऊन शेवटपर्यंत वाचणे आवश्यक आहे. एखादे ‘म्हणालास’ कुठेतरी हमखास राहून गेलेले असते.

राहिला शेवट. आत्या पेन हातात घेते आणि विचारते, ‘घर विकल्यावर मी कुठे जाऊ?’ इथे तीन चतुर उत्तरे पर्याय म्हणून देण्याचा मोह होईल. मी दोनच पर्याय ठेवीन: ‘तिच्या हातातले पेन घे’ आणि ‘गप्प राहा’. गप्प राहिल्यास ती सही करते.