शहाळे देण्यापूर्वी

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आमचे आंधळगाव कोशाच्या वस्त्रांकरिता दूरवर ओळखले जाते. धान, तलाव आणि माग या तिहींच्या आश्रयाने पिढ्यानपिढ्या जगलेल्या या मुलखात नारळाच्या बागा मात्र नाहीत, आणि त्यामुळे नारळाशी आमचा संबंध दीर्घकाळ दोनच ठिकाणी येत असे: देवापुढे आणि मसाल्यात. मोहाडीच्या चौंडेश्वरीला वाढवलेल्या नारळाचा प्रसाद हातावर यावा, अथवा भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा तुकडा खसखशीबरोबर पाट्यावर वाटला जाऊन रश्श्यात उतरावा, एवढीच त्या फळाची आमच्या आहारातील मजल होती. आता मालमोटारींतून आंध्र-कर्नाटकाची शहाळी येतात, बाजाराच्या दिवशी त्यांचे ढीग लागतात, आणि नारळाचे दूध डब्यांत व खोक्यांत बंद होऊन तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचते. जिन्नस आला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु तो कोणी, केव्हा आणि किती घ्यावा, याचा जो शिरस्ता समुद्रकाठच्या माणसांनी शतकांच्या अनुभवाने बसवला, तो त्याच्याबरोबर आमच्याकडे आला नाही. या एका उणिवेपायी आमच्या घरावर जो प्रसंग गुदरला, तो इतरांवर येऊ नये, याच एका हेतूने हे लिहीत आहे.

माझे थोरले बंधू आयुष्यभर मागावर बसले. उतारवयात त्यांना मधुमेह जडला, पाठोपाठ रक्तदाबाने ठाण मांडले, आणि या दोघांच्या संगनमताने त्यांची मूत्रपिंडे हळूहळू दुर्बळ होत गेली. रक्तदाबाकरिता डॉक्टरांनी त्यांना टेल्मिसार्टन हे औषध दिले होते, जे मूत्रपिंडांचेही रक्षण करते आणि म्हणून मधुमेही रुग्णाला विचारपूर्वकच दिले जाते. वैशाखाच्या उन्हात त्यांना ग्लानी आली, त्यांनी अंथरूण धरले, आणि आमच्याकडील रीतीप्रमाणे समाचाराला माणसे येऊ लागली. पूर्वी आजाऱ्याकडे जाताना कोणी मोसंबी नेई, कोणी बिस्किटांचा पुडा नेई. आता येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात शहाळे होते. त्यांतील एकाच्याही मनात प्रेमावाचून दुसरे काही नव्हते. वहिनींनी क्वचित संकोच दाखवला, तर शेजारची वृद्ध बाई मायेने म्हणे, "पानी तं आहे, याच्यानं का होते?" आणि या युक्तिवादाला उत्तर देता येईल असे ज्ञान आमच्यापैकी कोणाजवळही नव्हते, कारण शहाळ्याचे पाणी हे निसर्गाने स्वहस्ते बंद करून पाठवलेले निर्मळ औषध आहे, अशीच सर्वांची श्रद्धा होती.

परिणाम असा झाला, की ज्या अशक्ततेवर ते पाणी दिले जात होते ती दिवसागणिक वाढत चालली. पायांतील शक्ती इतकी गेली, की ज्या पायांनी जन्मभर मागाची पावडी दाबली ते उचलून खाटेवर ठेवण्याकरिताही दुसऱ्याचा आधार लागू लागला. नाडी मंदावली, छातीत विलक्षण अस्वस्थता वाटू लागली, आणि अखेर रात्री वाहनाची तजवीज करून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी इस्पितळात न्यावे लागले. तेथे हृदयाचा आलेख काढताच डॉक्टरांची मुद्रा गंभीर झाली. रक्ततपासणीत पोटॅशियमचे प्रमाण, जे निरोगी माणसात लिटरमागे साधारणतः साडेतीन ते पाच मिलिइक्विव्हॅलंट असते, ते साडेसहाच्या पलीकडे गेलेले आढळले. हृदयाच्या रक्षणाकरिता शिरेतून कॅल्शियम, आणि रक्तातील पोटॅशियम पेशींच्या आत लोटण्याकरिता ग्लुकोजसह इन्शुलिन, असा उपचार तातडीने सुरू झाला, आणि ईश्वरकृपेने व त्या वैद्यकीय दक्षतेने ते वाचले. धोका टळल्यावर डॉक्टरांनी आहाराची संपूर्ण कैफियत विचारून घेतली, आणि शहाळ्यांचा उल्लेख येताच आम्हांस जो कार्यकारणभाव समजावून सांगितला, तो प्रत्येक कुटुंबाने मनावर कोरून ठेवावा अशा योग्यतेचा आहे.

शहाळ्याच्या पाण्यात शेकडा ९५ भाग पाणीच असते हे खरे. परंतु उरलेल्या भागात पोटॅशियम विपुल असते, सुमारे १०० मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम. एका मध्यम शहाळ्यातून ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी निघते असे धरले, तर ते पिणाऱ्याच्या पोटात ७५० ते १००० मिलिग्रॅम पोटॅशियम जाते, म्हणजे दोन केळ्यांइतके किंवा त्याहून अधिक. निरोगी मूत्रपिंडांना या भाराचे काहीच वाटत नाही. ती अधिक झालेले पोटॅशियम काही तासांत बाहेर टाकतात. जागतिक आरोग्य संघटना तर प्रौढ माणसाने दिवसाला किमान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम आहारातून घ्यावे असे सांगते, कारण त्याने रक्तदाब उतरण्यास साहाय्य होते. म्हणून निरोगी माणसाला शहाळे हितकर आहे, हे मत सर्वस्वी यथार्थ आहे. परंतु मूत्रपिंडांची कार्यक्षमता घटलेल्या रुग्णाला पुष्कळदा दिवसभराच्या सर्व अन्नातून मिळून २००० ते ३००० मिलिग्रॅमचीच मुभा दिलेली असते, आणि त्यातच टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे, जी आपल्या गुणधर्मानेच पोटॅशियम शरीरात राखून ठेवतात, चालू असली, की आत येणारे वाढते आणि बाहेर जाणारे घटते. जे फळ एका माणसाचा रक्तदाब उतरवते तेच दुसऱ्याच्या हृदयाची लय बिघडवते, यात फळाचा दोष नाही. देह निराळा आहे.

यातून निष्पन्न होणारा पहिला नियम असा, की मूत्रपिंडांचा विकार असलेल्या, हृदयाची दुर्बलता असलेल्या, अथवा वर सांगितलेल्या औषधांपैकी एखादे नियमाने घेणाऱ्या माणसाने डॉक्टरांच्या अनुज्ञेवाचून शहाळे पिऊ नये. दुसरा नियम समाचाराला जाणाऱ्यांकरिता आहे: रुग्णाच्या घरी खाद्यपेय नेण्यापूर्वी त्याला कशाची मनाई आहे याची घरच्यांकडे चौकशी करावी, आणि अशी चौकशी म्हणजे प्रेमातील उणेपणा, असे कोणी समजू नये. मधुमेही माणसाची मूत्रपिंडे निकोप असतील, तर त्याला अधूनमधून शहाळे घेण्यास हरकत नसते. मात्र एका शहाळ्यात दोन-तीन चमचे साखरेइतकी नैसर्गिक शर्करा असते, हे लक्षात घेऊन ते आहाराच्या हिशेबात धरावे. बाटलीतील शीतपेयांत याच्या दुपटीहून अधिक साखर असते, आणि त्यांच्याऐवजी निरोगी माणसाने शहाळे पसंत केले, तर तो निश्चित लाभच आहे.

तिसरी गोष्ट अतिसाराची. जुलाब झालेल्या मुलाला नारळपाणी पाजले की काम भागले, असा समज आमच्याकडे बळावत चालला आहे, आणि तो घातक आहे; कारण अतिसारात शरीरातून मुख्यत्वे सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, निघून जातो, आणि कोवळ्या नारळाच्या पाण्यात नेमका तोच अल्प असतो. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचे साधे मिश्रण पाजून असंख्य प्राण वाचवले. त्याच तत्त्वावर सिद्ध झालेली जलसंजीवनीची पुडी आज प्रत्येक आरोग्य केंद्रात मिळते. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, एवढे प्रमाण कटाक्षाने पाळावे. शहाळे हे तिचे पूरक होऊ शकेल, पर्याय होऊ शकणार नाही.

आता नारळाच्या दुधाविषयी. बंधू घरी आल्यावर त्यांच्या पोषणाची चिंता सर्वांना लागली, आणि शहरातून आलेल्या एका आप्ताच्या सांगण्यावरून म्हशीच्या दुधाची जागा डबाबंद नारळदुधाने घेतली. वनस्पतीपासून निघालेले, म्हणून ते निरुपद्रवी, अशी त्यामागील समजूत होती. पुढील तपासणीत रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल चढलेले दिसले, तेव्हा डॉक्टरांनी तेही बंद करविले. कोवळ्या फळातील पाणी आणि पक्व खोबऱ्याचे दूध या एकाच झाडाच्या, पण अगदी भिन्न प्रकृतीच्या वस्तू आहेत, हे तेव्हा आम्हांस उमगले. पाण्यात स्निग्धांश जवळजवळ नसतो. उलट घट्ट दुधाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २४ ग्रॅम स्निग्धांश, त्यातही २१ ग्रॅम संपृक्त, आणि २३० कॅलरी असतात. दिवसाच्या एकंदर उष्मांकांपैकी संपृक्त मेदाचा वाटा शेकडा दहाच्या आत असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे, आणि २००० कॅलरींच्या आहारात तो अवघा २२ ग्रॅम भरतो; अर्थात अर्धा पेला घट्ट नारळदूध घेतले की दिवसाचा वाटा बहुतेक संपला. शिवाय त्यात पोटॅशियमही पाण्याइतकेच असते, आणि प्रथिने मात्र गाईच्या दुधाहून कमी व कॅल्शियम तर फारच थोडे. म्हणून वाढत्या मुलाला गाईचे दूध सोडवून हे देणे म्हणजे त्याच्या हाडामांसाच्या घडणीत उणीव निर्माण करणे होय.

मग कोकणातील माणसे हे दूध इतक्या पिढ्या कशी सेवन करीत आली, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर प्रमाणात आहे. तेथील गृहिणी खोबरे वाटून पहिले घट्ट दूध काढते, त्याच चोथ्यात पाणी घालून दुसरे व तिसरे पातळ दूध काढते, आणि कोकमाच्या आगळात मिसळून झालेली सोलकढी भात-माशांच्या जेवणाअखेर वाटीभर घेतली जाते. पेलेच्या पेले घट्ट दूध पिण्याचा रिवाज तेथे नाही. प्रशांत महासागरातील पुकापुका आणि टोकेलाऊ या बेटांवरील लोकांचा जो अभ्यास इयन प्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केला, त्यात पुकापुकाच्या लोकांना शेकडा ३४ आणि टोकेलाऊच्या लोकांना शेकडा ६३ उष्मांक नारळापासून मिळत असल्याचे आढळले. दोन्हीकडे हृदयविकार विरळ होता; मासे त्यांच्या नित्याच्या अन्नात होते आणि साखर फार अल्प होती. तथापि जेथे नारळ अधिक तेथे रक्तातील कोलेस्टेरॉलही अधिक, हे त्या अभ्यासातही स्पष्ट दिसले. त्या बेटांचा नारळ तेवढा उचलावा आणि त्यांची राहणी तेथेच ठेवावी, याने आरोग्य साधत नाही. निरोगी कुटुंबाने चौघांच्या भाजीत अर्धी वाटी नारळदूध पाण्याने पातळ करून घालावे, त्या दिवशी फोडणीचे तेल कमी करावे, आणि डाळीत अथवा माशांत त्याचा उपयोग करावा. असे केल्याने स्वाद मिळतो आणि मर्यादाही राहते.

एक खबरदारी साठवणीची. शहाळे डोळ्यांसमोर फोडून लगेच प्यावे. सोललेले, छिद्र पाडलेले वा तडकलेले फळ बाहेर उघड्यावर ठेवू नये. डेन्मार्कमध्ये एक ६९ वर्षांचा गृहस्थ दीर्घकाळ शीतकपाटाबाहेर राहिलेल्या सोललेल्या नारळाचे बिघडलेले पाणी थोडेसेच प्याला, आणि त्यातील बुरशीने निर्माण केलेल्या विषाने त्याचा अंत झाला. ही घटना २०२१ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली आहे. पाण्याला आंबूस वा बुरसट चव लागताच ते थुंकून टाकावे. नारळाचे ताजे दूधही उन्हाळ्यात काही तासांतच नासते; ते त्याच वेळी वापरावे, आणि डबा उघडल्यास उरलेले दूध काचेच्या भांड्यात काढून शीतकपाटात ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे.

आमच्या भंडाऱ्याच्या माणसाला प्रमाणाचे हे तत्त्व नवीन नाही. लाखोरीची डाळ आमच्या धानाच्या बांध्यांत निघते, आणि वाटीभर वरणाने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु टंचाईच्या दिवसांत महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली, तेव्हा माणसांचे पाय कायमचे लुळे पडले, आणि १९६१ साली केंद्राला तिच्या विक्रीस मनाई करावी लागली. घरच्या डाळीविषयी जो विवेक आम्ही इतकी किंमत देऊन शिकलो, तो परमुलखातून आलेल्या फळालाही लावला पाहिजे. उन्हाने तगमगणाऱ्या निरोगी माणसाला ताक, अंबील आणि कैरीचे पन्हे आमच्या घरीच उपलब्ध आहे. शहाळे परवडत नाही म्हणून आरोग्यास आपण मुकलो, असे कष्टकऱ्याने मुळीच मानू नये. आणि ज्यांच्या घरात मधुमेहाचा वा रक्तदाबाचा जुना रुग्ण आहे, त्यांनी त्याच्या रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियम यांची तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतराने करवून घ्यावी, चालू औषधांची नावे मराठीत स्वच्छ लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावी, आणि कोणतेही नवे पेय नेमाने सुरू करण्यापूर्वी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवून त्यांना स्पष्ट शब्दांत विचारावे.