मातीस धरणारी भिंत

घाटांतून जातांना रस्त्याच्या कडेची दगडी भिंत आपण नित्य पाहतों. पण ती तेथें कोणतें काम करीत आहे याचा विचार क्वचितच करतों. घराची भिंत वरचा भार खालीं उतरविते. ही मात्र मागील मातीच्या आडव्या रेट्याशीं झुंजते. हिला संरक्षक भिंत म्हणतात.

हा रेटा मोजण्याची रीत फ्रेंच अभियंता कूलोम यानें १७७३ सालीं पॅरिसच्या विज्ञानसभेपुढें मांडली. विजेच्या प्रकरणांत मुलें ज्याचें नांव पाठ करतात, तोच हा कूलोम! मार्टिनिक बेटावर किल्ला बांधतांना त्यास हा अनुभव आला होता.

तीन मीटर उंच भिंतीमागें कोरडी रेताड माती असेल, तर लांबीच्या दर मीटरास सुमारें पावणेतीन टन रेटा येतो. उंची दुप्पट केली कीं रेटा चौपट होतो आणि भिंत उलथविणारें बळ आठपट. आतां तीच माती पावसानें वरपर्यंत भरली असें समजा. रेटा सहा टनांच्या घरांत जातो! कारण मातीचे कण एकमेकांस धरून थोडेंतरी सांवरतात. पाणी मुळींच सांवरत नाहीं.

भिंत तिळभरही हलूं नये अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ती दोनतीन मिलिमीटर पुढें झुकली कीं मातीचें आंतील घर्षण जागें होतें व रेटा उलट घटतो. भय आहे तें दर पावसाळ्यांत वाढत जाणाऱ्या हालचालीचें. म्हणून भिंतीमागें खडीचा थर आणि अंगांत पाझराचीं छिद्रें ठेवितात. रंग देतांना तीं सिमेंटनें बुजविणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. भिंत सुरेख दिसते खरी!

२ जुलै २०१९ रोजीं मध्यरात्रीनंतर मुंबईंत मालाड येथें जलाशयाच्या आवाराची भिंत अतिवृष्टींत कोसळली आणि खालच्या झोपड्यांतील वीसाहून अधिक माणसें दगावलीं. भिंतीमागें पावसाचें पाणी तुंबलें होतें.

आपल्या घरामागें अशी भिंत असल्यास पालकांनीं एवढें करावें. भेगेवर काचेची पट्टी सिमेंटनें चिकटवावी; ती तडकली तर भिंत चालत आहे असें समजावें. ओळंबा सोडून झुकाव मोजावा व तारखेसह लिहून ठेवावा. हें काम मुलें आनंदानें करतील. भर पावसांत छिद्रांतून पाणी वाहत असेल तर ठीक. तीं कोरडीं असून भिंतीस पोट सुटलें असेल, तर त्याच दिवशीं नगरपालिकेस कळवावें आणि त्या रात्रीं तिच्या खालीं कोणीही निजूं नये.