जुन्या ट्रॅक्टरचे दुर्बल ब्रेक : निदान आणि जुळणी

मॅसी फर्ग्युसन ३५ किंवा बी-२७५ यांसारखे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या बनावटीचे ट्रॅक्टर आजही काही शेतकऱ्यांकडे कामावर आहेत. त्यांच्या इंजिनाची निगा बहुधा चांगली राखली जाते. तेल बदलले जाते, गाळणी धुतली जाते. ब्रेकची आठवण मात्र उतारावर आल्यावरच होते.

काही वर्षांपूर्वी उसाच्या हंगामात घडलेली एक गोष्ट येथे सांगणे उपयुक्त होईल. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचे ब्रेक नीट लागेनासे झाले. त्याने दोन्ही बाजूंच्या ओढदांड्यांचे नट पिळून पेडल कडक करून घेतले. पेडल पायाला घट्ट लागले म्हणजे ब्रेक दुरुस्त झाले, अशी त्याची समजूत झाली. भरलेली ट्रॉली घेऊन तो ओढ्याच्या उतारास लागला आणि ब्रेक दाबताच ट्रॅक्टर एकदम उजवीकडे वळला. पुढचे चाक पुलाच्या कठड्यावर आदळून अडकले म्हणूनच मनुष्य वाचला. चाक काढून पाहता डाव्या बाजूचे अस्तर तेलाने चिंब झालेले आढळले. दांडी कितीही ओढली तरी ती बाजू धरणारच नव्हती. उजवी मात्र चांगली धरत होती, आणि त्यामुळेच ट्रॅक्टर फिरला. दोन्ही बाजूंचा ब्रेक सारखाच दुर्बल असणे वाईट खरे. परंतु एक बाजू बळकट व दुसरी निकामी असणे त्याहून घातक होय. यास्तव नटाला पाना लावण्यापूर्वी ब्रेक का लागत नाही, हे शोधले पाहिजे.

या शोधाचा आरंभ पेडलपासून करावा. पेडल तळापर्यंत जात असेल तर अस्तर झिजले आहे किंवा जोडातील खिळे व भोके सैल झाली आहेत असे समजावे. पेडल घट्ट लागते परंतु ट्रॅक्टर थांबत नाही, असे असेल तर अस्तरावर तेल आले आहे, अथवा ते तापून काचेसारखे गुळगुळीत झाले आहे. पाय काढल्यावर पेडल सावकाश परत येत असेल तर पेडलचा आडवा दांडा गंजला आहे किंवा स्प्रिंग अशक्त झाली आहे. पुष्कळ ट्रॅक्टरमध्ये दोन्ही पेडले उजव्या बाजूस असून डाव्या चाकाचा ब्रेक या आडव्या दांड्यामार्फत ओढला जातो. त्याच्या बुशांना वर्षानुवर्षे ग्रीस मिळाले नाही की पायाचे बळ दांड्यातच मुरते आणि डावे चाक मागे पडते. अस्तराला दोष देण्यापूर्वी येथे ग्रीस भरून पाहावे. काही वेळा एवढ्यानेच काम भागते.

दोन्ही बाजू सारख्या झिजतील असे मानू नये. नांगरटीत तासाच्या शेवटी वळताना आपण एकाच बाजूचे पेडल वारंवार दाबतो व ती बाजू आधी झिजते. म्हणूनच रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडले खिट्टीने जोडण्यास सांगितलेले असते. पण आत अस्तरे असमान असतील तर खिट्टीने केवळ पेडले जोडली जातात, ब्रेक नव्हे.

ड्रमचा ब्रेक उघडताना ट्रॅक्टर सपाट, कठीण जमिनीवर उभा करावा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावावेत आणि मागचा भाग जॅकने उचलून धुरेखाली मजबूत लाकडी ठोकळे द्यावेत. केवळ जॅकच्या भरवशावर ट्रॅक्टरखाली हात घालू नये. ड्रममधील धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या अस्तरांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते व त्याचे सूक्ष्म तंतू श्वासाबरोबर गेल्यास फुप्फुसांचे असाध्य विकार होतात. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने धूळ टिपावी व ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे. पूर्वी आम्ही यंत्रशाळेत ही धूळ बेफिकिरीने झटकत असू, हे आता आठवले तरी अंगावर काटा येतो.

अस्तरावर तेल दिसल्यास ते कोठून आले हे आधी पाहावे. धुरेचे ऑईल सील फाटले असेल तर गियरपेटीतील तेल थेट ड्रममध्ये उतरते. फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरमध्ये गियर, विभेदक व हायड्रॉलिक यांना एकच तेल असल्याने खुणेच्या वर तेल भरण्याची चूक येथे विशेष महागात पडते. ट्रॅक्टर आडव्या उतारावर उभा राहिला की तेल एका टोकास जमून सीलवर दाब येतो. तेल मुरलेले अस्तर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरण्याची रीत आहे, ती सोडून द्यावी. अस्तर तापले की आत मुरलेले तेल पुन्हा वर येते. सील बदलल्यावर दोन्ही चाकांची अस्तरे एकदमच नवी घालावीत. रिव्हेट मारताना मधून सुरुवात करून टोकांकडे जावे, म्हणजे अस्तर शूवर सपाट बसते. रिव्हेटची डोकी अस्तराच्या पृष्ठाखाली खोल राहतील असे पाहावे, अन्यथा ती ड्रमला चरे पाडतात.

आता जुळणीकडे वळू. वरील शेतकऱ्याची दुसरी चूक येथेच होती. ड्रमच्या ब्रेकमध्ये झिजेची भरपाई शूजवळच्या समायोजकाने करावयाची असते. हा समायोजक पाठीच्या पत्र्यावर चौकोनी डोक्याच्या रूपात असतो किंवा पत्र्याच्या भोकातून दातेरी चक्रीच्या रूपात दिसतो. चाक हाताने फिरवीत तो आवळावा. चाक अडले म्हणजे चाक मोकळे फिरू लागेपर्यंत थोडा थोडा सैल करावा. याऐवजी ओढदांडीच आखूड केली तर कॅमचा दांडा आधीच पुढे ढळलेला राहतो. ब्रेक लागण्याच्या क्षणी ओढदांडी आणि कॅमचा दांडा यांमध्ये काटकोन असला तर पायाचे बळ पुरेपूर पोचते. कोन जितका बिघडेल तितके बळ वाया जाते. म्हणून शूची जुळणी प्रथम, आणि दांडी अगदी शेवटी, तीही पेडलची मोकळी चाल पुस्तिकेप्रमाणे येण्यापुरतीच. ही मोकळी चाल पूर्णपणे काढून टाकू नये. शू ड्रमला घासत राहतात, तापतात आणि अस्तर गुळगुळीत होऊन ब्रेक पहिल्यापेक्षाही दुर्बल होतो.

बी-२७५ मध्ये ड्रम नसून कोरड्या तबकड्यांचे ब्रेक असतात. फिरणाऱ्या दोन तबकड्यांमध्ये दोन लोखंडी दाबपट्टे असून त्यांच्या तिरप्या खाचांत पोलादी गोळ्या बसविलेल्या असतात. पेडल दाबले की पट्टे परस्परविरुद्ध किंचित फिरतात, गोळ्या खाचेत वर चढतात व पट्टे दूर सरकून तबकड्यांना कवचाशी दाबतात. येथे मात्र जुळणी ओढदांडीच्या नटानेच होते. आमच्या त्या शेतकऱ्याने पूर्वी असाच ट्रॅक्टर चालविला होता, आणि तोच उपाय त्याने ड्रमच्या ट्रॅक्टरला केला! या प्रकारात खाचा गंजल्या की ब्रेक अडकतो किंवा एकदम झटका देऊन धरतो. अशा वेळी नट न पिळता ब्रेक उघडून खाचा व गोळ्या साफ कराव्यात. तबकड्यांच्या अस्तरास ग्रीसचा स्पर्शही होऊ देऊ नये.

जुळणीनंतर दोन्ही बाजू समान झाल्या की नाही हे जॅकवरच पाहावे. गियर न्यूट्रलमध्ये ठेवून, खिट्टी लावून पेडल थोडे दाबावे आणि ते तसेच राहावे म्हणून बैठक व पेडल यांमध्ये फळी अडकवावी. नंतर दोन्ही चाके हाताने ओढून पाहावीत. एक चाक सहज फिरत असेल व दुसरे अडत असेल तर अडणारी बाजू किंचित सैल करावी; सैल बाजू ओढून ताणण्यापेक्षा हे बरे. मग मोकळ्या शेतात ट्रॉलीवाचून, मंद वेगाने जाऊन ब्रेक दाबावा व मातीत उमटलेल्या घसरणीच्या खुणा मोजाव्यात. दोन्ही सारख्या लांबीच्या असाव्यात.

ब्रेक उत्तम असले तरी ते ट्रॅक्टरचे आहेत, ट्रॉलीचे नव्हेत. एकटा ट्रॅक्टर ७ मीटरमध्ये थांबत असेल आणि ट्रॉलीसह एकूण वजन चौपट झाले, तर तेवढ्याच रोधाने त्यास सुमारे २८ मीटर लागतील. वेग दुप्पट केला तर हे अंतर पुन्हा चौपट होईल. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा. ज्या गियरमध्ये चढ चढता येतो त्याच गियरमध्ये उतरावे, आणि गियर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा. कोकणात चिखलणीनंतर ब्रेक ओले राहतात. तेव्हा रस्त्यावर आल्यावर सपाटीवर पेडल हलके दाबून ते वाळवून घ्यावेत.

नवी अस्तरे बसविल्यावर पहिले काही दिवस हलके काम घ्यावे व नंतर पुन्हा एकदा जुळणी करावी. त्या काळात दोन-तीन किलोमीटर जाऊन आल्यावर दोन्ही ड्रमजवळ हात नेऊन पाहावा. ब्रेक फारसा न वापरताही एक बाजू तापली असेल तर ती घासत आहे. ब्रेक वापरूनही एक बाजू थंड राहिली असेल तर चाक पुन्हा उचलावे लागेल.