राखणीच्या कुत्र्याच्या कानाची निगा

राखणीच्या कुत्र्याच्या कानात थोडा पिवळसर मळ असणे हे रोगाचे लक्षण नव्हे. कानाची नळी प्रथम सरळ खाली उतरते व नंतर आडवी वळते. काडी घातल्यास मळ निघत तर नाहीच, उलट वळणापाशी ठासून बसतो.

मळ साचल्यास पशुवैद्याने दिलेले कान धुण्याचे औषध कानात सोडावे, कानाचे मूळ बाहेरून अर्धा मिनिट चोळावे व कुत्र्यास डोके झटकू द्यावे. वर आलेला मळ बोटाभोवती गुंडाळलेल्या कापसाने टिपावा. निरोगी कान वारंवार धुऊ नये. अति स्वच्छता त्यास मानवत नाही.

कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ बहुधा खरजेच्या किडीसारख्या सूक्ष्म किडीमुळे होतो; ती एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर जाते. कुसळी गवताच्या माळावरून परतलेला कुत्रा एकाएकी डोके झटकू लागल्यास कानात कुसळ शिरल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी, किंवा पू, दुर्गंधी वा मान कललेली दिसल्यास, कानात काहीही न घालता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. पडदा फाटला असल्यास आत उतरलेले औषधही बहिरेपण आणू शकते. मग काही ठिकाणी ओतल्या जाणाऱ्या गरम तेलाची वा रॉकेलची गोष्टच नको. दुखऱ्या कानास हात लावण्यापूर्वी कुत्र्याचे तोंड मऊ फडक्याने बांधावे.